सहा बरण्या कारल्याच्या बिया

शशिकलाबाई : त्या बरण्यांना हात लावू नको, मीनाक्षी. भांडी ट्रकमध्ये जातील, तुझी पुस्तकं जातील. बरण्या मी मांडीवर घेऊन जाईन नागपूरपर्यंत.

मीनाक्षी : आई, कारल्याच्या बिया नागपूरला नेऊन काय करायचंय? इथेच टाकून देऊ.

शशिकलाबाई : टाकून देऊ? बाप्पा! सहा बरण्या आहेत त्या. महाराष्ट्र मंडळातल्या बावीस बायकांनी चार महिने गोळा केलेल्या. गणपतीत लोक मोदक आणतात, नारळ आणतात. आमच्या बायका यंदा आरतीला पिकलेली कारली घेऊन येऊन राहिल्या होत्या. मंदिराचा पुजारी मला विचारते, 'माताजी, आपके यहाँ गणेशजी को करेला चढ़ता है क्या?'

मीनाक्षी : तुम्ही काय सांगितलंत?

शशिकलाबाई : म्हटलं, गणेशजी को नहीं, हमारी बहू को चढ़ता है. आता हास नं जराशी. सकाळपासून तोंड पाडून खोके बांधून राहिली आहेस. माणूस माहेरी जाताना असं नाही जात.

मीनाक्षी : मी माहेरी नाही चालले. हरून चाललेय. ते टेबलावरचं पत्र पाहिलंत?

शशिकलाबाई : पाहिलं. इंग्रजीत आहे म्हणून वाचलं नाही. नाही तं वाचलंच असतं.

मीनाक्षी : राजीनामा आहे. उद्या सकाळी डायरेक्टरांना देणार. प्रकल्प बंद करते आहे, दसऱ्यानंतर मोकळं करावं, वैयक्तिक कारणास्तव.

शशिकलाबाई : वैयक्तिक म्हणजे कोण? मी का विलास? सांग बापा, म्हणजे लोकांनी विचारलं तं मला उत्तर देता येईल.

मीनाक्षी : तुम्ही नाही हो. विलास तर मेमध्ये बदली झाल्यापासून नागपूरहून रोज फोन करतोय, सोड ते चंदीगड, ये इकडे. मी त्याचं ऐकलं का? कर्फ्यू लागला, बंद झाले, बसस्टॉपवर बाँबचे बेवारस डबे सापडले, तरी इथेच राहिले ना? भीतीने नाही चालले मी. माझं कामच संपलंय, आई. अँटिबॉडी मेली.

शशिकलाबाई : ती सतरा नंबरची?

मीनाक्षी : सतरा नंबरची. तीन वर्षं लागली ती मिळवायला. शेकडो तपासल्या, तेव्हा ही एक सापडली, कॅन्सरची पेशी अचूक ओळखणारी.

शशिकलाबाई : मला माहीत आहे. तू सांगितलं होतं नं, हळदीकुंकवाचं बोलावणं करणाऱ्या बाईसारखी असते ती. गल्लीत पन्नास दारं असली तरी नेमक्या घरी जाते. आणि तू तिच्या हाती पाठवते विषाची पुडी.

मीनाक्षी : कारल्याच्या बियांतलं विष. एकटं असलं तर ते पेशीच्या आत शिरतच नाही, बाहेर हात बांधून उभं राहतं. अँटिबॉडीच्या हातून आत गेलं की मग पेशी मरते. गेल्या वर्षी दोनदा मरून दाखवलं त्यांनी. दोनदा! त्या जोरावर मी अनुदान देणाऱ्या दिल्लीच्या कमिटीला, जमलं म्हणून, लिहून बसले. आणि जूनपासून पाच वेळा प्रयोग केला, पाचही वेळा काही नाही. पेशी आपल्या मजेत. वाढतायत, खातायत, पितायत.

शशिकलाबाई : पण अँटिबॉडीच मेली कशावरून? विषच बरोबर नसेल तं?

मीनाक्षी : ते तपासायचं सामान परदेशातून यायचं होतं. जानेवारीत मागवलंय. तिथले एक प्रोफेसर स्वतः घेऊन येणार होते, पंजाबच्या बातम्या वाचून त्यांनी तिकीटच रद्द केलं. आणि विषाचा संशय घेऊ कशाला? बिया कारल्याच्याच, पद्धत तीच, हातही माझेच. बियांतून पदार्थ निघतोय, वजन जवळजवळ तेवढंच भरतंय. मग उरलं कोण? बोलावणं करणारी बाईच. घर विसरली.

शशिकलाबाई : कमिटी कधी येऊन राहिली?

मीनाक्षी : दसऱ्यानंतर पाच दिवसांनी. तिच्यासमोर उभं राहून काय सांगू? त्यांनी बंद करण्याआधी आपणच केलेलं बरं.

शशिकलाबाई : आणि तुझ्या लॅबमधला गुरमीत?

मीनाक्षी : त्याचं नाव काढू नका हो.

शशिकलाबाई : काढणार. त्या पोराच्या भावाला उचलून नेऊन दोन महिने झाले. पोलिसांनी नेलं का दुसऱ्या कोणी, तेही त्याच्या आईला माहीत नाही. तरी तो मोहालीहून सायकल मारत येते, तुझ्या पेशींना खाऊ घालते. बंदच्या दिवशी तं पायी आला होता.

मीनाक्षी : कारण पेशींना बंद कळत नाही. एक दिवसाआड खायला लागतंच. मी त्याला म्हटलं, गुरमीत, एखाद्या दिवशी नाही आलास तरी चालेल. तर म्हणाला, 'मैडम, घर में सब मरने की बात करते हैं. यहाँ कुछ ज़िंदा तो रखता हूँ.' आता त्याला कोणत्या तोंडाने सांगू की बंद करतेय म्हणून?

शशिकलाबाई : मग नको सांगू.

मीनाक्षी : आई, तुमचं आपलं सोपं असतं.

शशिकलाबाई : सोपं नाही बाई. रोज संध्याकाळी साडेसहा वाजले की तुझ्या स्कूटरचा आवाज येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसते. भाजी फोडणीला टाकते नं विसरून जाते. दोन कढया जाळल्या तुझ्यापायी. पण तुला कधी म्हटलं का, की चल नागपूरला?

मीनाक्षी : नाही म्हटलंत. ते मात्र खरं.

शशिकलाबाई : विलासच्या बाबांना तू पाहिलं नं शेवटी? रक्ताचा कॅन्सर, आणि ते औषध. केस गेले, तोंड आलं, पाण्याचा घोट जाईना. मला म्हणाले, 'शशी, या औषधानं आधी आजार मरते का मी, आता पैज लावायची.' पैज आजारानंच जिंकली. मी मंडळातल्या बायकांना हेच सांगितलं. म्हटलं, माझी सून असं औषध करून राहिली आहे की जे फक्त आजारालाच मारीन, माणसाला नाही. त्याच्यासाठी तुम्ही कारली पिकू द्या. हिरवी चिरून खाऊ नका, झाडाला लाल होऊ द्या. भाजीची नासाडी केली बायकांनी तुझ्यासाठी.

मीनाक्षी : म्हणूनच त्या बरण्या बघवत नाहीत मला.

शशिकलाबाई : मग मला दे. दोन मुठी नागपूरच्या अंगणात लावीन. इथं तं काही उगवलं नाही बापा.

मीनाक्षी : तो दोरा द्या जरा. आणि ती कात्री.

शशिकलाबाई : घे. गेल्या वर्षी किती छान वेल झाला होता! तुझ्या त्या झिरकपूरच्या सरदारजीनं दिलेल्या चार बिया टाकल्या होत्या, तं वेल वरच्या मल्होत्रांच्या बाल्कनीत शिरला. मल्होत्राबाई भांडायला आली आणि चार कारली घेऊन गेली. यंदा बी टाकली की माती गिळून टाकते. म्हटलं, विलास गेला तं घराची रयाच गेली, मातीलाही समजते.

मीनाक्षी : करनैलसिंगांच्या बिया असतीलच चांगल्या, गेल्या वर्षी लॅबलाही त्याच होत्या. बिचारे शेत सोडून लेकीकडे अंबाल्याला गेले. अतिरेक्यांच्या चिठ्ठ्या यायला लागल्या होत्या त्यांना, एवढे पैसे द्या नाही तर… थांबा. आई, यंदा कुठल्या बिया लावल्यात तुम्ही?

शशिकलाबाई : याच. बरणीतल्या.

मीनाक्षी : किती?

शशिकलाबाई : आता मोजून का लावते कोणी? तीन कुंड्या, तीनदा लावल्या. पंचवीस-तीस असतील.

मीनाक्षी : आणि उगवल्या किती?

शशिकलाबाई : सांगून राहिले नं, एकही नाही. कोंब म्हणून दिसला नाही. उकरून पाहिलं तं बी जशीच्या तशी, दाबली तं पीठ.

मीनाक्षी : तीस बियांतली एकही नाही? बावीस घरांतल्या बिया आहेत या. एखाद्या घरच्या खराब असतील, दोन घरच्या असतील. सगळ्या कशा खराब होतील?

शशिकलाबाई : असं कात्री धरून माझ्याकडे पाहू नको. मला भीती वाटते.

मीनाक्षी : आई, बायका कारली आणून देतात. त्यानंतर तुम्ही काय करता? पहिल्यापासून सांगा. काही गाळू नका.

शशिकलाबाई : काय करणार? कारलं फोडते. लाल गर असते बीवर, बुळबुळीत, शेंबडासारखा. चाळणीत चोळून धुते. मग उकळत्या पाण्यात टाकते, दहा मिनिटं…

मीनाक्षी : उकळत्या?

शशिकलाबाई : चांगल्या खळखळत्या. मग गाळून सावलीत फडक्यावर. वाळल्या की बरणी.

मीनाक्षी : उकळत्या पाण्यात. दहा मिनिटं. पण का, आई? का?

शशिकलाबाई : का म्हणजे? तूच तं सांगितलं! पहिल्यांदा मी तुझ्या लॅबमध्ये आले तं तू मला दारातच थांबवलं. चपला काढा, हात धुवा, परत धुवा. काय म्हणाली होती? 'आई, इथे येणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक लागते. एक जंतू शिरला तर सहा महिन्यांचं काम वाया.' मग बावीस घरच्या बिया, कोणाचे हात कसे, कोणाच्या घरी कोण आजारी. मी तशाच देऊ का तुला? विलास तान्हा असताना दुधाची बाटली उकळायची ते माहीत होतं मला. तश्शीच उकळली. एकही दिवस टाळलं नाही. ताप होता त्या दिवशीसुद्धा… मीनाक्षी? अगं, काय झालं? हसून राहिली का रडून राहिली?

मीनाक्षी : मला नाही माहीत. मला बसू द्या जरा.

शशिकलाबाई : खोक्यावर नको बसू, काचेचं आहे. इथं ये. पाणी देऊ?

मीनाक्षी : आई, अंडं उकडलं की त्यातून पिल्लू निघतं का?

शशिकलाबाई : हे काय विचारणं झालं?

मीनाक्षी : विषाचंही तसंच असतं. उष्णता लागली की त्याचा जीव जातो. दिसायला तेच, वजनाला जवळजवळ तेच, पण काम शून्य. मी चार महिने पुड्या पाठवत होते पेशींकडे, आणि पुड्या रिकाम्या होत्या.

शशिकलाबाई : म्हणजे… मी मारलं ते?

मीनाक्षी : आई.

शशिकलाबाई : चार महिने मी आपल्या हातानं तुझं काम शिजवत बसले? ती पोरगी रात्र रात्र झोपत नाही, आणि मी तिला म्हणते, मीनाक्षी, थोडं दूध घे. आणि सकाळी उठून गॅसवर पातेलं ठेवते! अगं, त्यांच्यासाठी करून राहिले होते नं मी. विलासच्या बाबांसाठी. पातेल्यासमोर उभी राहून मनातल्या मनात त्यांना सांगत होते, पाहा, तुमच्यासाठी काही करता आलं नाही, दुसऱ्या कोणासाठी तरी…

मीनाक्षी : आई, इकडे बघा. माझ्याकडे बघा. चूक माझी आहे. मी पाचदा अँटिबॉडी तपासली, औषधं तपासली, इन्क्युबेटर तपासला, गुरमीतवरसुद्धा एकदा चिडले. घरात तुम्हाला एकदा विचारलं नाही की बिया कशा धुता. मला वाटलं, बिया धुणं म्हणजे बिया धुणं. त्यात काय विचारायचं?

शशिकलाबाई : मीही विचारलं नाही नं. मला वाटलं, इतकी शिकलेली सून, तिला काय विचारायचं, मी आपलं चोख करून द्यावं.

मीनाक्षी : आणि अजून एक ऐका. बिया मेल्या होत्या, याचा अर्थ काय? सतरा नंबर कदाचित जिवंत आहे! ती बिचारी पाचही वेळा बरोबर घरी गेली असेल. ओटीतच काही नव्हतं, ती तरी काय करणार?

शशिकलाबाई : कदाचित म्हणजे? पक्कं नाही?

मीनाक्षी : पक्कं कसं असेल? न उकळलेल्या बिया हव्यात. आणि करनैलसिंग अंबाल्यात, शेत उजाड, बाजारात मिळतात ती सगळी हिरवी. आता शोधायला जाऊ कुठे? उद्या बंद आहे.

शशिकलाबाई : मोरीच्या मागची पिशवी काढ.

मीनाक्षी : कसली पिशवी?

शशिकलाबाई : सुरेखानं पाठवलेली. मंडळातली, एअरफोर्सवाली सुरेखा. तिच्या क्वार्टरमागच्या मांडवावर यंदा कारल्यांचा मारा आहे. परवा जवानाच्या हाती पाच किलो पाठवली, पिकून फुटलेली. तू खोके बांधायला काढले तं मी काही ती उघडली नाही. म्हटलं, आता कोणासाठी गॅस जाळायचा?

मीनाक्षी : देवा! आई, एक थेंब गरम पाणी नाही लावायचं.

शशिकलाबाई : शिकवू नको आता मला. माझी आई बियाणं राखेत चोळायची. गरही जाते, कीडही लागत नाही. कोपऱ्यावरच्या तंदूरवालीकडून राख आणते. ती थंड करून घेईन बरं, आधीच सांगते.

मीनाक्षी : आणि उद्या लॅबला मी पायी जाते.

शशिकलाबाई : बरणी पिशवीत दडवू नको मागच्यासारखी. तो चौकातला जवान बंदूक धरून विचारत होता नं?

मीनाक्षी : 'मैडम, करेले के बीज लेकर दफ़्तर कौन जाता है?' खरंच आहेत का बघायला एक चावून बघितली त्याने. तोंड असं केलं की दोन दिवस मला तपासलंच नाही.

शशिकलाबाई : आणि हे पत्र?

मीनाक्षी : तुमच्याकडे ठेवा. दसऱ्यापर्यंत. विलासला काही सांगू नका.

शशिकलाबाई : ट्रक?

मीनाक्षी : ट्रक राहू दे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सांगितलाय ना? त्या दिवशी सकाळी काय ते कळेल. नाही जमलं, तर जाऊ.

(सतरा दिवसांनी. दसऱ्याचा दुसरा दिवस. टेलिफोनची घंटा.)

शशिकलाबाई : हॅलो? मीनाक्षी? अगं, केव्हाची वाट पाहून राहिले. ट्रकवाला आठ वाजल्यापासून दारात आहे. त्याला दोनदा चहा झाला, चार पराठे झाले, आता कालची सोनपापडी खाऊन राहिला आहे. त्याच्या मुलीचं लग्न कुठं जमलं तेही कळलं मला. आणखी काय बोलू त्याच्याशी? बोल लवकर.

मीनाक्षी : आई.

शशिकलाबाई : रडून राहिली का?

मीनाक्षी : मेल्या, आई. सगळ्या मेल्या.

शशिकलाबाई : कोण? अगं, नीट सांग.

मीनाक्षी : पेशी! कॅन्सरच्या पेशी. शंभरातल्या नव्वदाच्या वर. आणि शेजारच्या ताटलीतल्या चांगल्या पेशी, त्यांना धक्का नाही. मी तीनदा मोजलं. मग गुरमीतला मोजायला लावलं, त्याला न सांगता कुठली ताटली कुठली. त्याचाही आकडा तोच आला.

शशिकलाबाई : सतरा नंबर?

मीनाक्षी : घर विसरली नव्हती ती.

शशिकलाबाई : बाई गं. बाई गं माझी. थांब, मी खुर्चीवर बसते.

मीनाक्षी : बसा. पण आई, ही काचेची ताटली आहे. अजून उंदीर, मग मोठी जनावरं, मग माणूस. दहा वर्षं लागतील, पंधरा लागतील. मध्येच कुठेतरी अडेलसुद्धा. मी तुम्हाला खोटं नाही सांगणार.

शशिकलाबाई : लागू दे नं. मला कुठं गाडी पकडायची आहे? त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, आज पहिल्यांदा वाटून राहिलं की त्यांना सांगण्यासारखं काही आहे माझ्याजवळ. गुरमीत काय म्हणाला?

मीनाक्षी : पगडी नीट केली, बाहेर गेला, गूळ घेऊन आला. सगळ्या मजल्यांवर वाटतोय. त्याच्या भावाचं अजून काही कळलं नाही, आई. तरी वाटतोय.

शशिकलाबाई : संध्याकाळी त्याला जेवायला घेऊन ये. आणि त्याच्या आईसाठी डबा भरून देईन.

मीनाक्षी : आणते. आणि विलास?

शशिकलाबाई : विलासला मी सकाळीच फोन केला.

मीनाक्षी : सकाळी? तेव्हा तर मलाही माहीत नव्हतं!

शशिकलाबाई : मला माहीत होतं. म्हटलं, विलास, मी सुनेजवळ राहून राहिले. तुला आमची काळजी वाटते तं तू इकडं बदली माग. चिडला थोडा. मग विचारलं त्यानं, निकाल लागला का? म्हटलं, लागते आहे.

मीनाक्षी : तुम्हाला कसं माहीत होतं पण?

शशिकलाबाई : सुरेखाच्या बियांतल्या चार मी कुंडीत टाकल्या होत्या. तिघींना कोंब आले. काल सोन्याऐवजी मी तेच पाहिलं सकाळी उठून.

मीनाक्षी : आणि मला सांगितलं नाहीत?

शशिकलाबाई : तू तुझी ताटली पाहा, मी माझी कुंडी पाहते. आता ट्रकवाल्याला जाऊ देऊ नं?

मीनाक्षी : जाऊ द्या. आणि आई, ते राजीनाम्याचं पत्र आहे ना तुमच्याकडे? चार दिवसांनी कमिटी येतेय, चुकून कुणाच्या हाती लागायला नको. फाडून टाका.

शशिकलाबाई : फाडू कशाला? चांगला जाड कागद आहे. सुरेखानं काल आणखी कारली पाठवली, तं त्याच्यावर बिया वाळत घातल्या आहेत. सावलीत.